हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की तालुक्याच्या बँकेत दहाच्या आधीच म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. पांढरी टोपी, धुवट लेंगा किंवा कडक इस्त्रीची पँट, हातात कापडी पिशवी. पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि वर्षानुवर्षं उघडून मिटून घड्यांवर फाटत आलेले कागद. सगळे हयातीचा दाखला द्यायला आलेले. आपण अजून आहोत एवढं वर्षातून एकदा सांगितलं की पुढच्या वर्षाचं पेन्शन सुरू राहतं. रांगेत प्राथमिक शाळेचे मास्तर असतात, पोस्टमन असतात, तलाठी असतात. आणि आमचा मुलूख साताऱ्याचा, त्यामुळे फौजेतून आलेली माणसं असतातच. ती लांबूनही ओळखू येतात. बाकीचे भिंतीला टेकतात, पायरीवर बसकण मारतात. फौजी मात्र उभा असतो, पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून.

आमच्या आळीतल्या सुभेदार आबांबरोबर मी एकदा त्या रांगेत होतो. आबा एकाहत्तरच्या लढाईत होते, डोंगरी मुलखात, खेचरांच्या तुकडीवर. पेन्शनीत आल्यावर त्यांनी उरलेलं आयुष्य ऊस आणि भुईमुगात घातलं, त्यामुळे अंगठ्यावरच्या रेघा झिजून गेल्या आहेत. यंत्राला अंगठा उमटेना. खिडकीतली मुलगी म्हणाली, "आबा, जरा दाबून धरा." "दाबलाय की, बाई," आबा म्हणाले. तिनं ओल्या फडक्यानं अंगठा पुसून दिला, मग दुसरं बोट घेतलं, मग डावा हात. आबा तिच्यासमोर उभे होते, तिच्याशी बोलत होते. ती त्यांना चहा घेता का म्हणून विचारत होती. आबा जिवंत आहेत याविषयी तिच्या मनात कसलीच शंका नव्हती. तरीसुद्धा दोघंही त्या लहानशा काळ्या यंत्राकडे बघत राहिली, ते काय म्हणतंय याची वाट बघत. त्यात त्या मुलीचा दोष नव्हता. ती तिचं काम मायेनं करत होती. पण समोरचा माणूस आणि त्याची नोंद यांच्यात तेवढ्या वेळापुरती जी फट पडली, तिच्यावरून माझं लक्ष हलेना. युद्धावरच्या ज्या पुस्तकांनी मला पोट धरून हसवलं आणि हसता हसता आतून हलवलं, ती सगळी याच फटीतून बोलतात, हे मला त्या खिडकीशी उमगलं.

जोसेफ हेलरच्या 'कॅच-२२'मध्ये डॅनीका नावाचा डॉक्टर आहे. त्याला विमानाची भीती वाटते. पण दर महिन्याला ठरावीक तास उडल्याशिवाय उड्डाणभत्ता मिळत नाही. म्हणून तो ओळखीच्या वैमानिकाला सांगून विमानातल्या माणसांच्या यादीत नुसतं नाव घालून घेतो आणि स्वतः जमिनीवर राहतो. एके दिवशी ते विमान डोंगरावर आदळतं. यादीत डॅनीकाचं नाव आहे, त्या अर्थी डॅनीका मेला. तो तिथंच उभा आहे, मी इथं आहे म्हणून सांगतो आहे, पण लष्कराच्या लेखी तो संपला. त्याचा पगार थांबतो. त्याच्याकडे बघणं लोक टाळू लागतात. घरी बायकोला तार जाते. मी जिवंत आहे असं तो तिला कळवतो, पण त्याच्या पत्रापेक्षा सरकारी कागद जड ठरतात. विम्याचे पैसे येऊ लागतात. शेवटी सांत्वनाचं एक छापील पत्र येतं, त्यात मेलेला माणूस नवरा आहे, मुलगा आहे, बाप आहे की भाऊ, हेही ठरवलेलं नसतं; सगळ्या शक्यता एका ओळीत छापलेल्या असतात. ती बाई मुलांना घेऊन दुसऱ्या गावी निघून जाते आणि मागे नवा पत्ता ठेवत नाही. 

याच कादंबरीत उलट बाजूचाही एक माणूस आहे. तो तळावर येऊन पोचतो आणि हजेरी लागण्याआधीच त्याला मोहिमेवर पाठवतात. तो परत येत नाही. त्याचं सामान नायक योसॅरियनच्या तंबूत एका खाटेवर पडून राहतं. ते सामान हलवता येत नाही, कारण जो माणूस कधी आलाच नाही त्याचं सामान नेणार कोण? पहिल्यांदा वाचलं तेव्हा या दोन गोष्टी मला लांब लांबच्या वाटल्या होत्या. आता त्या शेजारी शेजारी दिसतात. कागद एका माणसाला जिवंतपणी मारतो आणि दुसऱ्याला मरूही देत नाही. युद्धात माणसाचं काय होतं, हे सांगायला हेलरला रक्ताच्या नद्या वाहवाव्या लागल्या नाहीत. एक यादी आणि एक रिकामी खाट त्याला पुरली.

हेलरनं हे लांबून पाहिलेलं नव्हतं. तो दुसऱ्या महायुद्धात बी-२५ विमानातून बाँब टाकणारा सैनिक होता. कॉर्सिका बेटावरच्या तळावरून त्यानं ६० उड्डाणं केली. पुस्तक आलं १९६१ साली. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध अट आता लोकांच्या बोलण्यात मुरली आहे: वेडा असेल त्याला उड्डाणातून सुटका, पण जो सुटका मागतो तो शहाणाच असला पाहिजे. मला मात्र त्या अटीपेक्षा उड्डाणांचा आकडा जास्त छळतो. ठरलेला आकडा पुरा केला की घरी जायचं, आणि माणसं त्या आकड्याजवळ पोचली की कर्नल तो वाढवतो. शत्रूच्या तोफांची भीती कादंबरीत आहेच. पण रात्री झोप उडवते ती आपल्याच कर्नलच्या टेबलावरची पेन्सिल.

अशा कागदी माणसांची गोष्ट हेलरच्या आधी रशियात लिहिली गेली होती. युरी तिन्यानोव्हची 'लेफ्टनंट किझे' ही कथा १९२८च्या आसपासची, पण तिच्यातला काळ आहे झार पावेल पहिला याचा, म्हणजे अठराव्या शतकाच्या अगदी अखेरचा. कवायतीचं आणि शिस्तीचं या झारला वेड होतं. हुकूम लिहिताना एका लेखनिकाच्या हातून चूक होते आणि त्या ओळीत किझे नावाचा एक नसलेला अधिकारी जन्माला येतो. झारनं कागदावर सही केली आहे. आता हा माणूस अस्तित्वात नाही हे त्याला सांगणार कोण? मग किझेवर आरोप येतो, रिकाम्या चौकटीवर फटके मारले जातात, आणि दोन शिपाई आपल्यामधल्या मोकळ्या जागेला पहारा देत सैबेरियाकडे चालू लागतात. पुढे झारचा राग जातो. किझेला परत बोलावतात, त्याचं लग्न लावतात, बढत्या देतात, तो जनरल होतो, मरतो, आणि लष्करी इतमामानं त्याची अंत्ययात्रा निघते. त्याच लेखनिकाच्या हातून दुसरी चूक झालेली असते. सिन्युखायेव नावाच्या हाडामांसाच्या लेफ्टनंटची नोंद 'मृत' अशी पडते. त्याचं कुणी ऐकत नाही. हळूहळू त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडतो, तो वाटा तुडवत भटकत राहतो आणि नाहीसा होतो. नसलेल्या माणसाला लष्करी मानवंदना मिळते आणि असलेल्याला रस्त्याच्या कडेलाही जागा नसते. तिन्यानोव्हनं हे कुठलंही भाष्य न करता सांगितलं आहे. त्या दोन शिपायांमधली ती मोकळी जागा मला आजही दिसते. त्यांची पावलं एका तालात पडत असणार.

अशा गोष्टी वाचताना हसू येतं, आणि त्या हसण्याविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. हेलरच्या कादंबरीत स्नोडेन नावाचा एक पोरगेला सैनिक आहे. त्याच्या मृत्यूची गोष्ट हेलर सुरुवातीलाच काढतो आणि सोडून देतो. मग पुन्हा काढतो, थोडी पुढे नेतो, पुन्हा सोडतो. मध्ये शेकडो पानं विनोदाची. आपण हसत असतो आणि मधूनच त्या विमानाच्या मागच्या भागात येऊन पोचतो, जिथं योसॅरियन त्या पोराच्या मांडीवरची जखम बांधतो आहे. जखम नीट बांधून होते. मग त्याच्या लक्षात येतं की खरी जखम दुसरीकडेच आहे, जाकिटाच्या आत. तिथं पोचल्यावर हसू थांबतं आणि मागची सगळी पानं पुन्हा आठवतात. इतका वेळ आपण हसत होतो ते तो क्षण लांबवण्यासाठी. पुस्तकातली माणसंही त्याचसाठी हसत होती. विनोदानं दुःख झाकलं असं कुणी म्हणेल. मला वाटतं, विनोदानं त्या दुःखापर्यंत जायचं बळ दिलं.

या साऱ्यांचा वडीलधारा माणूस म्हणजे यारोस्लाव हाशेक आणि त्याचा शिपाई श्वेइक. कादंबरी उघडते तेव्हा साराजेव्होत आर्चड्यूक फर्डिनांडचा खून झालेला आहे. घरकाम करणारी बाई ही बातमी श्वेइकला सांगते. त्या एका खुनातून चार वर्षांचं महायुद्ध पेटणार आहे, साम्राज्यं कोसळणार आहेत. आणि संधिवातानं दुखणारे गुडघे चोळत श्वेइक विचारतो, कुठला फर्डिनांड? त्याच्या ओळखीत दोन आहेत, आणि दोघंही अगदी साधी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली माणसं. कितीतरी वाचकांनी या प्रश्नाला भोळसटपणा मानलं. मला तो त्या पूर्ण काळातला सगळ्यात नेमका प्रश्न वाटतो. इतिहासाला एकच फर्डिनांड माहीत होता. श्वेइकच्या गल्लीत आणखी दोन राहत होते, आणि येणारं युद्ध त्यांच्याही दारात पोचणार होतं.

श्वेइकचा धंदा भटकी कुत्री पकडून, खोटी वंशावळ जोडून विकण्याचा. लष्कराच्या वैद्यकीय मंडळानं त्याला मंदबुद्धी म्हणून केव्हाच घरी पाठवलेलं आहे, तसा दाखला त्याच्याजवळ आहे. युद्ध सुरू होतं आणि त्याच दाखल्याच्या माणसाला बोलावणं येतं. संधिवातानं त्याला चालवत नाही. मग तो चाकाच्या खुर्चीत बसतो, कुबड्या हवेत नाचवत बेलग्रेडवर चालून जायच्या आरोळ्या ठोकतो, आणि ती म्हातारी बाई त्याला प्रागच्या रस्त्यांतून ढकलत नेते. लोक गोळा होतात. देशभक्तीचा हा देखावा इतका पुरेपूर आहे की त्याला काय म्हणावं हे सरकारलाही कळत नाही. डॉक्टर मात्र त्याला कामचुकार ठरवून टाकतात. श्वेइकची सगळी ताकद इथं आहे. तो एकही हुकूम मोडत नाही. तो प्रत्येक हुकूम इतक्या मनापासून पाळतो की हुकमाचा पोकळपणा आपोआप उघडा पडतो. आपल्या रेजिमेंटला गाठायला तो निघतो आणि गोल गोल चालत राहतो. पुढे एका तळ्याकाठी सापडलेला रशियन कैद्याचा गणवेश तो सहज अंगावर चढवून बघतो, आणि त्याचंच सैन्य त्याला रशियन समजून पकडतं. तो जीव तोडून आपलं नाव सांगत असतो. पण कपडे रशियन आहेत, त्याला कोण काय करणार?

हाशेक १९१५ मध्ये ऑस्ट्रियाच्या ९१व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होता आणि त्याच वर्षी रशियनांच्या हाती सापडला. पुढे तो आधी चेक सैन्यदलात आणि मग लाल सैन्यात गेला, आणि १९२०च्या अखेरीला प्रागला परतला. कादंबरी त्यानं १९२१ मध्ये सुरू केली. शेवटचे महिने लिपनित्से नावाच्या गावात गेले. शरीर साथ देत नव्हतं, तेव्हा तो मजकूर तोंडी सांगून लिहवून घेत असे. जानेवारी १९२३ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला. सहा भाग लिहायचे ठरवलेले, चौथा अर्धाच राहिला. म्हणजे हाशेकच्या लेखणीतून उतरलेला श्वेइक खऱ्याखुऱ्या लढाईच्या खंदकापर्यंत कधी पोचलाच नाही. तो आगगाडीत आहे, छावणीत आहे, तुरुंगात आहे, दवाखान्यात आहे. ही अपूर्णता मला अपुरी वाटत नाही. युद्धाचा मोठा भाग असाच असतो, असं आबांच्या बोलण्यातूनही कळतं: वाट बघणं, मोजदाद, सामान भरणं, सामान उतरवणं, आणि कुणीतरी कुठंतरी केलेल्या सहीची वाट पाहत बसणं.

कर्ट व्हॉनेगटचं 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' आलं १९६९ मध्ये. व्हॉनेगट डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांच्या कैदेत पडला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बाँबवर्षाव झाला तेव्हा त्याच शहरात, एका कत्तलखान्याच्या तळघरात होता. त्या आगीत सुमारे २५,००० माणसं गेली. मागे उरलेल्या कैद्यांना ढिगाऱ्यातून प्रेतं काढण्याच्या कामाला लावलं. कादंबरीत या राखेत एडगर डर्बी नावाचा एक मध्यमवयीन शिक्षक आहे. ढिगाऱ्यात त्याला एक अखंड राहिलेली किटली सापडते, ती तो उचलतो. त्याला पकडतात, त्याच्यावर रीतसर खटला चालतो आणि चोरीबद्दल गोळ्या घालतात. पूर्ण शहर जळताना कुठलाही कायदा आडवा आला नव्हता. किटलीसाठी मात्र कायदा वेळ काढून हजर झाला. इथं मला हसू आलं नाही. पण व्हॉनेगटनं ही गोष्ट हसण्याच्या सुरातच सांगितली आहे, आणि त्या सुरामुळेच ती विसरता येत नाही. त्याच जागी कुणी छाती पिटली असती, तर आपण थोडं हळहळून पान उलटलं असतं.

अशीच एक गोष्ट आपल्या जवळचीही आहे. ती लिहिणारा सादत हसन मंटो बरीच वर्षं मुंबईत राहिला. इथं त्यानं सिनेमासाठी लिहिलं, मासिकं चालवली. १९४८च्या सुरुवातीला तो लाहोरला गेला. त्याची 'टोबा टेकसिंह' ही कथा पुष्कळांनी वाचलेली असते. 'टिटवालचा कुत्रा' त्यामानानं कमी. काश्मीरमधली पहिली लढाई. समोरासमोरच्या दोन टेकड्यांवर दोन देशांचे जवान. हवा सुंदर आहे, फुलं आहेत, अधूनमधून सवय म्हणून गोळ्या झाडल्या जातात. एक भटका कुत्रा भारतीय ठाण्यावर येतो. कंटाळलेले जवान त्याला खाऊ घालतात, नाव ठेवतात, आणि हा हिंदुस्थानी कुत्रा आहे असं पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या गळ्यात बांधतात. कुत्रा पलीकडे जातो. तिकडचे जवान त्याला दुसरं नाव देतात, पाकिस्तानी म्हणून लिहितात आणि परत पाठवतात. दोन टेकड्यांच्या मध्ये त्याच्यावर दोन्हीकडून गोळ्या सुटू लागतात. सुरुवातीला ती गंमत असते. जवान हसत असतात. मग गोळी लागते. मेल्यावर एका बाजूच्या लेखी तो शहीद होतो, दुसऱ्या बाजूच्या लेखी कुत्र्याच्या मौतीनं मेलेला. 

ही गोष्ट मी एकदा आबांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या खेचराचा नंबर खुरावर असायचा, आमचा गळ्यात. येवढाच काय तो फरक." आणि हसले. आबा लढाईतल्या गोष्टी सांगतात त्या सगळ्या हसण्याच्याच. अडून बसलेलं खेचर, बर्फात गोठलेली डाळ, नको तिथं पोचलेलं सामान. त्या गोष्टींत सोबतीची नावं येतात, आणि त्यांतली काही नावं एका ठरावीक गोष्टीनंतर पुन्हा कुठंच येत नाहीत. मी कधी विचारलं नाही. हेलरची ती रचना आबांनी कुठं वाचलेली नाही. ती त्यांना वाचावी लागली नाही.

आमच्या भागातल्या कितीतरी गावांत देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असते. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, असं त्यावर लिहिलेलं असतं. दोन आकडे. अशा बहुतेक पाट्यांवर नाव एकही नाही. यांतले काही जण मेसोपोटेमियात गेले असणार, कारण तिकडे धाडलेली फौज सहावी पुणे डिव्हिजन म्हणूनच ओळखली जाई आणि तीत मराठ्यांच्या पलटणी होत्या. ही डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिसकाठच्या कूट गावात वेढली गेली. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायची वेळ आली आणि ते मांस हिंदी शिपायांनी खावं की नाही यासाठी भारतातून धर्मगुरूंची संमती मागवली गेली. वेढा फोडायला निघालेल्या फौजेतले २३,००० च्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. आत अडकलेले होते त्यांहून हा आकडा मोठा. वेढा उठवावा म्हणून तुर्कांना आधी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले, ते त्यांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं, त्यातले हजारो परतले नाहीत. त्यांचा जनरल टाउनशेंड युद्ध संपेपर्यंत इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला.

यातली एकेक गोष्ट हाशेकच्या पानावर शोभेल अशी आहे. पण आपल्याकडे तिचा हाशेक झाला नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली आली. तिच्यात युरोपातून परागंदा होणारे ज्यू आहेत, बोट आहे, दोन माणसांचं प्रेम आहे. लढाई नाही, आणि तरी युद्धानं माणसाचं काय होतं हे तिच्याइतकं खोल मराठीत क्वचितच कुणी सांगितलं असेल. पण तिचा सूर वेगळा, तिची जखम वेगळी. कूटहून न परतलेल्या शिपायाची, गावच्या बोलीतली, हसवत हसवत गळा दाटवणारी कादंबरी मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही. तो शिपाई बहुधा लिहिता नव्हता. फ्रान्सच्या आघाडीवर गेलेले कितीतरी हिंदी शिपाई दुसऱ्याकडून पत्रं लिहवून घेत. ती पत्रं सेन्सॉरच्या कचेरीत उघडली जात, त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवले जात. मूळ पत्रं बहुतेक गेली. आज आपण त्यांचं मन वाचतो ते त्या पहारेकऱ्यांनी उतरवून ठेवलेल्या तुकड्यांतून. 'कॅच-२२'मध्ये योसॅरियन दवाखान्यात पडल्या पडल्या सैनिकांची पत्रं तपासतो आणि कंटाळून एक दिवस सगळी विशेषणं खोडतो, दुसऱ्या दिवशी आणखी काही. तिथं वाचक हसतो. मी हसलो होतो. आता तिथं मला फ्रान्सच्या थंडीत लेखनिकापुढे उकिडवा बसलेला, घरी काय कळवावं याचा विचार करणारा कुणी शिपाई दिसतो.

ज्या घरातला मुलगा लढाईत गेला, त्या घरात बसून हे हसू कसं चालेल, असा प्रश्न मला पडतो आणि तो मी बाजूला सारत नाही. आमच्या भागात अशी घरं आहेत. हार घातलेला गणवेशातला फोटो आणि त्याच्या खाली रोज लागणारा दिवा मी पाहिला आहे. त्या आईपुढे युद्धाच्या निरर्थकतेविषयी बोलण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण ही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला एक गोष्ट पक्की दिसते. त्यांतलं हसू शिपायावर कधीच नाही. त्याची भूक, त्याची भीती, घराची ओढ, थंडीनं काकडलेले पाय यांची टिंगल यांतल्या एकाही लेखकानं केलेली नाही. करणार कसे? त्यांतले बहुतेक स्वतः त्या रांगेत उभे होते, नाहीतर मंटोसारखे फाळणीत होरपळलेले होते. त्यांनी हसण्यासाठी निवडला तो तिसरा: माणूस आणि त्याची नोंद यांच्यात बसलेला, माणसाकडे न बघता नोंदीवर बोट ठेवणारा. त्याच्यावर रडून काही होत नाही. रडणाऱ्यांसाठी त्याच्याकडे छापील सांत्वनपत्र तयार असतं. आपल्याकडे बघून कुणी हसलं तर काय करायचं, याचा नमुना मात्र त्याच्याकडे नसतो. अशा वेळी हसणं हे मेलेल्याच्या बाजूनं उभं राहणं असतं.

या पुस्तकांनी एकही लढाई थांबवली नाही. हाशेकनंतर सतरा वर्षांच्या आत दुसरं महायुद्ध आलं, हेलर-व्हॉनेगट वाचून मोठी झालेली पिढीही आज टीव्हीवर जळणारी शहरं बघते आहे. व्हॉनेगटला हे ठाऊक होतं. युद्धाविरुद्धचं पुस्तक म्हणजे हिमनदीविरुद्धचं पुस्तक, हा टोमणा त्यानं स्वतःच्याच कादंबरीच्या सुरुवातीला नोंदवून ठेवला आणि तरी पुढचं पुस्तक लिहिलं. लिहिण्याचं कारण थांबवणं हे नसावं. माणसाचा हयातीचा दाखला लष्कराच्या वहीबाहेर कुठंतरी जपून ठेवणं, हे असावं. डॅनीका, सिन्युखायेव, किटली उचलणारा तो मास्तर: हे कुणी कधी जगलेच नव्हते, आणि तरी त्यांच्यामुळे त्या युद्धांतली खरी माणसं आपल्याला माणसं म्हणून कळतात.

म्हणून वाचकाला एक विनंती करावीशी वाटते. उद्याच्या वर्तमानपत्रात पुन्हा आकडे येतील. कुठल्या तरी सीमेवर इतके, कुठल्या तरी शहरात तितके. आकडा आपल्या बाजूचा असेल तर छाती भरून येईल किंवा डोळे भरतील, दुसऱ्या बाजूचा असेल तर आपण पुढच्या बातमीकडे वळू. दोन्ही वेळा आकड्यापाशी थांबू नका. शंभर वर्षांपूर्वी प्रागमधल्या एका कुत्री विकणाऱ्या माणसानं गुडघे चोळता चोळता विचारलेला प्रश्न तेव्हा विचारा: यातला कुठला? कोणत्या गावचा, कुणाचा, काय करायचा? उत्तर मिळेलच असं नाही. तरीही विचारा, आणि तुमच्या गावच्या भिंतीत तशी पाटी असेल तर म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्या दोन आकड्यांमागची नावं लिहून काढा. सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.